एवढं तुमचं खरं

लिडिया गावितशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं तिच्या गावात गमतीनं म्हणत. नवापूरहून गुजरातच्या हद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, डोंगराच्या उतारावर वसलेलं ते गाव. घरी सगळे कोकणी बोलत. ही डोंगरातली कोकणी, समुद्राकाठच्या कोकणीशी तिचा संबंध नाही. शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती, आणि नवापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून इंग्रजी. चारही भाषांत लिडियाला एक गोष्ट सारखीच जमायची, ती म्हणजे समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं.

इंग्रजीच्या हेमकांत चौधरी सरांना हे कळलं ते हजेरीवरून. एका सोमवारी ती वर्गात नव्हती, आणि मंगळवारी येऊन आपण होतो हे तिनं सरांना पटवून द्यायला घेतलं. कुठल्या बाकावर होतो, सरांनी फळ्यावर काय लिहिलं, खिडकीशी कोण बसलं होतं, सगळं सांगितलं. सरांना क्षणभर आपलाच संशय आला. मग ते हसायला लागले.

"काल मीच रजेवर होतो, बाई," ते म्हणाले. "पण तुला वर्गात ठेवून उपयोग नाही. वादविवाद स्पर्धेला पाठवायला पाहिजे."

अशी लिडिया इंग्रजी वादविवादात शिरली. कॉलेजात पहिली आली, तालुक्यात पहिली आली आणि ऑगस्टमध्ये नंदुरबारला जिल्ह्याच्या अंतिम फेरीत उभी राहिली. समोर होती शहाद्याकडची काजल पाटील. उंच, शांत, लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. विषय होता: मोबाइलच्या काळात वाचनालयांची गरज उरलेली नाही. लिडिया विरोधात बोलणार होती.

तिचं भाषण झकास झालं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. काजल हसतमुखानं पुढं आली.

"तुझ्या मोबाइलवर जितकी पुस्तकं मिळतात तितकी नवापूरच्या वाचनालयात नाहीत. हे तर तुला मान्य आहे ना?"

"नाही," लिडिया म्हणाली.

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे वाचनालयात जास्त आहेत?"

"असतील. मोजलीत का कुणी?"

आता सगळेच हसले. लिडियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती मागं हटली नाही. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तिनं तसंच 'नाही' म्हटलं. काजलनं प्रश्न विचारायचे, तिनं नाकारायचं आणि लोकांनी हसायचं, असा खेळच झाला. निकाल लागला तेव्हा काजल पहिली आणि लिडिया दुसरी. दोघींनाही जानेवारीत जळगावला विभागीय स्पर्धेसाठी जायचं होतं, पण लिडियाला त्याचा आनंद वाटला नाही.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. चष्म्यावरून बघत त्या इंग्रजीत म्हणाल्या, "लिडिया, यू शुड हॅव कन्सीडेड दॅट पॉइंट. यू कन्सीड नथिंग."

लिडियानं समजल्यासारखी मान हलवली. बाकीचं सगळं कळलं होतं, मधला तो शब्दच कळला नव्हता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं मोबाइलवर तो शोधला. पहिला अर्थ आला: हार पत्करणे. दुसरा: नमते घेणे. तिसरा तिनं बघितलाच नाही. मोबाइल हातातच धरून ती समोर बसलेल्या सरांकडं वळली.

"सर, त्या बाई मला म्हणाल्या की मी हार मानायला हवी होती. मग स्पर्धेला बोलावतात कशाला?"

सर शेंगा सोलत होते. "तसं नाही म्हणाल्या त्या."

"कन्सीड म्हणजे हार पत्करणे. इथं लिहिलंय."

"इथं अजूनही काही लिहिलंय. पुरतं वाच." तिनं वाचलं नाही, तेव्हा सरांनी शेंगांची पुडी बाजूला ठेवली. "क्रिकेट बघतेस?"

"दिग्विजय बघतो." दिग्विजय तिचा थोरला भाऊ, सुरतला साडीच्या कारखान्यात कामाला होता.

"इंग्रजी कॉमेंट्रीत म्हणतात, बोलरनं ओव्हरमध्ये चार रन्स कन्सीड केले. चार रन दिले म्हणून तो मॅच हारला का? उलट चांगली ओव्हर पडली म्हणतात."

"मग हार पत्करणे का लिहिलंय?"

"कन्सीड डिफीट म्हटलं तर हार पत्करणे. कन्सीड अ गोल म्हटलं तर एक गोल खाणे. कन्सीड अ पॉइंट म्हटलं तर एवढा एक मुद्दा समोरच्याला देणे. शब्द एकच आहे, पुढं काय जोडलंय त्यावर सगळं अवलंबून."

"मुद्दा देणे म्हणजे हरणेच," लिडिया म्हणाली, आणि नवापूर येईपर्यंत त्यावरच वाद घालत राहिली.

पण शब्द डोक्यात रुतून बसला होता. दिग्विजयचा फोन आला की ती त्याला विचारायची, आज कुणी किती रन्स कन्सीड केले. त्याला आधी काही कळेना, मग तोही तसंच बोलायला लागला. कॉलेजच्या कँटीनमध्ये तिनं शब्द वापरून बघायला सुरुवात केली. "आय कन्सीड, तुझा शर्ट चांगला आहे," असं एका मैत्रिणीला म्हणाली, तर मैत्रीण रुसली. का रुसली ते सरांनी सांगितलं.

"कन्सीडमध्ये जिवावर आलेलं असतं. मनात नसताना, पण खरं आहे म्हणून दिलेलं. तू तिला असं सांगितलंस की तुझा शर्ट चांगला आहे, पण हे म्हणणं माझ्या फार जिवावर आलंय."

"मग ॲडमिट आणि कन्सीड एकच?"

"ॲडमिट माणूस एकटा बसूनही करतो. आपली चूक झाली, केलं कबूल. कन्सीड करायला समोर कुणीतरी लागतं. वाद लागतो."

ऑक्टोबरमध्ये जळगावचा सराव सुरू झाला. सर स्वतः विरोधी बाजू घेत. एका दुपारी लिडियानं ठरवलं, आज कन्सीड करून दाखवायचंच. सरांनी पहिला मुद्दा मांडला, ती म्हणाली, "आय कन्सीड." दुसरा मांडला, तरी तेच. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला सर खुर्चीत मागं रेलून बसले.

"काय करी ऱ्हायनी तू?" सर वैतागले किंवा धास्तावले की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी येई. "सगळंच देऊन टाकलं, आता लढणार कशावर?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो, खरं असेल तेवढं द्यायचं. त्याच्यापुढं इंचभरही नाही. आणि दिल्यावर आपल्या हातात काय उरलं ते लगेच दाखवायचं."

लिडिया चिडून घरी गेली. अर्थ पाठ झाला होता. वापर मात्र हातात येत नव्हता. शब्द एकतर घशात अडकायचा, नाहीतर सगळं सांडून टाकायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चमध्ये बैठक होती. नाताळची गाणी कुठल्या भाषेत म्हणायची यावर दरवर्षी कुरबुर व्हायची, यंदा ती मिटवायची होती. आजवर गाणी मराठीत आणि थोडी गुजरातीत व्हायची. लिडियाचे वडील इमॅन्युएल गावित यांचं म्हणणं होतं की यंदा कोकणीत म्हणायची. ते शिवणकाम करायचे आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. समोर होत्या रमीकाकी. पंचवीस-तीस वर्षं त्याच गाणी शिकवत आल्या होत्या आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. लिडिया मागच्या चटईवर बसली होती. वडील आता कसे तुटून पडतात ते बघायला ती सरसावली.

"इमॅन्युएल, कोकणीत गाण्याचं पुस्तक कुठंय?" रमीकाकींनी विचारलं. "मुलं कशावरून म्हणतील? मराठीचं पुस्तक आहे, छापलेलं आहे, चाली बसलेल्या आहेत."

लिडियाला वाटलं, वडील म्हणतील, पुस्तक कशाला लागतं. तिनं स्वतः हेच म्हटलं असतं.

वडील जरा वेळ खाली बघत राहिले. हे त्यांच्या फार जिवावर आलं होतं, ते तिला त्यांच्या मानेवरून दिसलं. मग ते म्हणाले, "काकी, एवढं तुमचं खरं. पुस्तक नाही. चालीही बसलेल्या नाहीत. सगळी गाणी कोकणीत म्हणू म्हटलं तर आपलं हसं होईल, हे मी मान्य करतो."

रमीकाकींनी पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ज्या गोष्टीवर भांडायची त्यांनी तयारी केली होती तीच समोरच्यानं त्यांच्या हातात ठेवली होती.

"पण पहिलं गाणं," वडील पुढं म्हणाले, "फक्त पहिलं. आमच्या आईनं ते शेतात म्हटलेलं मी ऐकलंय, तुम्हीही ऐकलंय. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, तरी तुम्हाला पाठ आहे. तेवढं एक कोकणीत."

रमीकाकींनी हळूच त्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणली, आणि बायकांच्या बाजूनं दोन-तीन आवाज त्यात मिसळले. ठरलं. नंतर चहाही झाला.

लिडिया चटईवर तशीच बसून होती. वडिलांनी मुद्दा दिला होता आणि त्यामुळे ते लहान झाले नव्हते. उलट त्यांच्या पुढच्या शब्दाला वजन आलं होतं, कारण हा माणूस खरं ते खरं म्हणतो हे सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं. आपण नंदुरबारला वाचनालयावर बोललो तेव्हा आपलं एकही वाक्य कुणी मानलं नाही, ते का, हे तिला तिथं कळलं. जी मुलगी डोळ्यांना दिसतं तेही नाकारते, तिचं न दिसणारं कोण मानेल?

घरी जाताना ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, तुम्ही आज कन्सीड केलंत."

"काय केलं?"

तिनं समजावून सांगितलं. वडील ऐकत चालले. "याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे?" ते म्हणाले. "आहे ते बरं आहे. पण केलं तेव्हा लई जड गेलं बघ."

जळगावची स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. लिडिया आणि सर भल्या पहाटे गाडीत बसले. दुपारपर्यंत दोन फेऱ्या पार पडल्या, आणि अंतिम फेरीच्या पाटीवर पुन्हा तीच दोन नावं आली: काजल पाटील, लिडिया गावित. विषय: डोंगराळ भागातल्या तरुणांसाठी गाव सोडणं हाच प्रगतीचा एकमेव मार्ग आहे. काजल बाजूनं, लिडिया विरोधात.

सरांनी तिला पाण्याची बाटली दिली. "घाबरू नको. मी शे ना इथं."

काजल सुरेख बोलली. रोजगार, शिक्षण, दवाखाने, सगळं तिनं नीट मांडलं आणि कुठंही खोटं बोलली नाही. लिडियाचं भाषणही चांगलं झालं. नवापूरच्या कोंबडीपालनाबद्दल, तुरीच्या डाळीच्या गिरण्यांबद्दल, गावात राहून उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल ती बोलली. मग काजल प्रश्न विचारायला उठली.

"एक साधा प्रश्न. तुझ्या स्वतःच्या घरातलं कुणी गाव सोडून गेलंय का?"

लिडियाच्या आत नंदुरबारची ती हट्टी मुलगी जागी झाली आणि 'नाही' म्हणून मोकळी हो असं सांगू लागली. इथं कुणाला काय माहीत होतं? समोर सरांचा चेहरा होता, परीक्षकांचे तीन चेहरे होते, आणि गच्च भरलेलं सभागृह होतं.

"हो," ती म्हणाली. "माझा भाऊ दिग्विजय सुरतला असतो."

"त्याच्या जाण्यानं घराचं भलं झालं का?"

"झालं." तिनं मान वर केली. "आय कन्सीड द पॉइंट. पूर्णपणे. माझा भाऊ गाव सोडून गेला नसता तर मी कॉलेजात नसते. आज या मंचावरही नसते. गाव सोडल्यानं माणसं पुढं जातात, हे माझ्या मैत्रिणीचं म्हणणं मी माझ्या घरातूनच खरं मानते."

काजलच्या हातात पुढच्या प्रश्नांची चिठ्ठी होती. ते सगळे याच मुद्द्यावरचे होते, आणि आता त्यांना टेकू उरला नव्हता. तिनं चिठ्ठी घडी करून ठेवली आणि खाली बसली.

आता उत्तराची पाळी लिडियाची होती.

"पण आजचा विषय काय आहे?" ती इंग्रजीत म्हणाली, आणि पहिल्यांदाच घाई न करता. "गाव सोडणं हा प्रगतीचा मार्ग आहे, एवढाच तो असता तर मी आत्ताच खाली बसले असते. विषयात एक शब्द जास्त आहे, एकमेव. माझ्या भावानं दाखवलं की जाण्यानं भलं होतं. राहण्यानं भलं होत नाही, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

"आमच्या शेजारच्या गावात रिबेका नावाची मुलगी आहे. नर्सिंग शिकली, बडोद्याला नोकरी मिळत होती. ती परत आली आणि आमच्या आरोग्य उपकेंद्रात लागली. आधी बाळंतपणाला बायकांना जीपमध्ये कोंबून गुजरातेत न्यावं लागायचं. वाटेत काय काय व्हायचं ते मी इथं सांगत नाही. आता त्या बायका गावातच बाळंत होतात आणि आपल्या पायांनी घरी जातात. ही प्रगती नाही?"

काजल उठून उभी राहिली. नियमाप्रमाणं तिला एकदा मध्ये बोलायचा हक्क होता, आणि तिनं तो अचूक वेळी वापरला. "एका रिबेकावरून सगळ्या डोंगराचा निष्कर्ष निघत नाही."

टाळ्या पडल्या. मुद्दा खणखणीत होता. सर समोरच्या रांगेत पुढं झुकले.

लिडियानं टाळ्या थांबू दिल्या. तिला आतून विलक्षण शांत वाटत होतं. आपण काय देणार आणि आपल्या हातात काय राहणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"आय कन्सीड दॅट टू," ती म्हणाली. "एका रिबेकावरून सगळ्या डोंगराबद्दल काहीच म्हणता येत नाही. सगळ्यांनी गावातच राहावं, असं मी म्हणतही नाही. पण 'एकमेव मार्ग' हे वाक्य खोटं ठरवायला दुसरा एक मार्ग पुरतो. आणि तेवढी एक रिबेका माझ्याकडं आहे."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी बाक वाजवला आणि सगळं सभागृह उसळलं. परीक्षकांपैकी एकजण मान खाली घालून काहीतरी लिहू लागले आणि लिहिता लिहिता हसले. काजल लिडियाकडं बघत होती. तिनं दोन्ही हात उचलले आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

निकाल सांगायला अध्यक्ष उठले तेव्हा लिडियाला तो आधीच माहीत होता. तरी आपलं नाव ऐकल्यावर तिनं आधी सरांकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, आजच्या विजेत्या मुलीनं दोनदा समोरच्याचं खरं मानलं, आणि दोन्ही वेळा ती आधीपेक्षा मजबूत होऊन उभी राहिली. पुण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धेत हा विभाग तिच्याच खांद्यावर आहे.

ढाल जड होती. सरांनी ती धरली, आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

काजल बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. "तू हो म्हणशील असं मला वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. "सगळी तयारी तू नाही म्हणशील यावर केली होती."

"आधी नाहीच येत होतं तोंडात," लिडिया म्हणाली. दोघी हसल्या आणि एकमेकींचे नंबर घेऊन निघाल्या.

गाडीतून तिनं दिग्विजयला फोन लावला. कारखान्यात यंत्रांचा खडखडाट होता, तो ओरडून बोलत होता. तिनं सगळं सांगितलं.

"माझं नाव घेतलंस? एवढ्या लोकांत? इंग्रजीत?"

"घेतलं."

"परत सांग काय म्हणालीस ते."

तिनं परत सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला.

रात्री गाडी नवापूरला लागली तेव्हा दिग्विजयच्या फोनवरून कळून निम्मं गाव फलाटावर आलं होतं. इमॅन्युएलच्या गळ्यात ढोलकी होती. रमीकाकी लोकांना बाजूला सारत पुढं झाल्या आणि त्यांनी लिडियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रिबेका ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या कोटात आली होती. आपलं नाव जळगावात गाजलंय हे तिला कुणीतरी येता येता सांगितलं होतं, आणि तिला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"काय बोललीस ते सांग," रमीकाकी म्हणाल्या. "आम्हाला कळेल असं सांग."

लिडिया फलाटावरच्या बाकावर चढली. सभोवती सगळे गोळा झाले, सरही कडेला उभे राहिले. इंग्रजीत बोलताना तिचा आवाज दिवसभर जरा ताणलेला होता, तो आता मोकळा झाला. विषय काय होता इथपासून तिनं कोकणीत सुरुवात केली. काजल किती छान बोलली तेही सांगितलं. मागं गाडी सुरतेकडं निघून गेली, तिच्या खडखडाटात दोन वाक्यं बुडाली, तर लोकांनी ती पुन्हा म्हणायला लावली.